सिमेंटची पोती आणि अंतुले खटला

आज अकोल्यात काय, अमरावतीत काय, फोन केला की सिमेंट दारात. १९८१ मध्ये मात्र परमिट लागायचं. म्हणजे ज्याच्या हाती परमिट, त्याच्या हाती सत्ता.

कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ पासून बंदी होती. पैशानं दुसरी वाट शोधली, ट्रस्टची. मुख्यमंत्री अंतुलेंच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टना बिल्डरांनी देणग्या दिल्या. अरुण शौरींनी हे छापलं. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटपाचा संबंध मान्य केला. अंतुलेंनी राजीनामा दिला.

भाजपचे रामदास नायक फौजदारी खटल्यासाठी लढत राहिले. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं खटला हायकोर्टात नेला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी ५ विरुद्ध २ मतांनी तोच आदेश फिरवला. आरोपीचा अपिलाचा हक्क जातो म्हणून. कायद्याच्या नजरेनं मोठा निकाल! पण मूळ प्रश्न तारखांत हरवला. शिक्षा झाली नाही, पुढे अंतुले केंद्रात मंत्री झाले.

२०२४ मध्ये इलेक्टोरल बॉण्ड रद्द झाले, तेव्हा प्रश्न तोच होता: देणाऱ्याला बदल्यात काय भेटलं? मतदाराला हे कळायला नको काय?