काठीचे माप

आमच्या बावड्यात बर्फ म्हटले की गोळेवाल्याची गाडी आठवते. इंदापूर तालुक्याच्या उन्हात बर्फ टिकतो तो तेवढाच, आणि तोही गोळा तोंडाशी नेईपर्यंत. अशा गावी माझा पुतण्या ऑस्ट्रियाहून आला आणि येताना माझ्यासाठी स्कीइंगच्या दोन काठ्या घेऊन आला!

"काका, गुडघ्यांना बऱ्या पडतील," तो म्हणाला. माणसाने साठी ओलांडली की घरच्यांना त्याचे फक्त गुडघेच दिसू लागतात. मी मनातून खट्टू झालो. काठी म्हणजे म्हातारपणाची पोचपावती. इथे तर दोन पावत्या!

काठ्या मात्र अजब. एका नळीच्या पोटात दुसरी नळी. चाप उघडावा, हवी तेवढी नळी ओढावी, चाप मिटावा. अंगावर सेंटिमीटरचे आकडे. खाली चकती, म्हणजे भुसभुशीत बर्फात काठी रुतत नाही. पाळण्यात बसून डोंगरमाथ्यावर जायचे आणि घसरत यायचे, त्यांना एका मापाची काठी पुरते. पण जे पायांत फळ्या बांधून स्वतःच डोंगर चढतात, त्यांना सपाटीला लांब आणि उतरताना आखूड काठी लागते.

म्हटले, हिचे कूळ तरी पाहावे. १९२४ साली स्वीडनमध्ये काल्व्हट्रेस्क गावाजवळ लाकडी फळ्यांची एक जोडी आणि काठी सापडली. वय सुमारे पाच हजार वर्षे! जोडी फळ्यांची, काठी मात्र एकच, आणि तिचे टोक फावड्यासारखे. शिकाऱ्याला दुसरा हात हत्यारासाठी मोकळा लागत असणार. आमच्याकडच्या धनगराला हे समजावून सांगायला नको. तोही एकाच काठीने मेंढरे वळवतो, बाभळीच्या शेंगा झोडतो, लांडगा हाकलतो आणि दमला की तिच्यावरच हनुवटी टेकतो.

ऑस्ट्रियात माथियास झ्दार्स्की नावाचे गुरुजी १८९० नंतरच्या काळात लिलियेनफेल्डला स्कीइंग शिकवीत, तेही एकाच लांब काठीवर. दोन काठ्यांवाल्यांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. शेवटी दोन काठ्या जिंकल्या. हात रिकामा झाला की माणूस त्यात काहीतरी धरतोच! या काठ्या पुष्कळ वर्षे बांबूच्याही असत, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. १९५८ साली अमेरिकेत एड स्कॉट यांनी ॲल्युमिनियमची हलकी काठी केली, आणि १९७४ साली जर्मनीच्या लेकी कंपनीने 'मकालू' नावाची लांबी बदलणारी काठी काढली. पाच हजार वर्षांनी काठी माणसाच्या मापाची झाली म्हणायची.

इथे मला आबांची काठी आठवली. आबा म्हणजे आमचे आजोबा. शेंबी बसवलेली वेळूची काठी. तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीकडे जाताना बावड्यावरून जाते, तेव्हा आबा ती टेकत रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. पुढे त्यांची पाठ वाकली आणि काठी उंच पडू लागली. एके दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "दोन बोटं काप रे." मी करवत आणली, कापली, शेंबी पुन्हा ठोकली. दोन वर्षांनी पुन्हा, "अजून दोन बोटं." तेव्हा मला ते सुतारकाम वाटले होते. आबा हळूहळू जमिनीकडे निघालेत आणि त्याचे माप मी करवतीने घेतोय, हे काही कळले नाही.

ती काठी अजून माजघराच्या कोपऱ्यात आहे. परवा पुतण्याची काठी अगदी शेवटच्या खुणेपर्यंत आखूड केली आणि तिच्या शेजारी उभी केली. आबांची काठी तरीही चार बोटे खालीच राहिली.

मग मी चाप उघडला, नळी माझ्या मापाला ओढली आणि निमूटपणे फिरायला निघालो. अजून बरेच आकडे शिल्लक आहेत.