दगडी इंद्रधनुष्याची वाट : १९०९ सालची एक विद्यार्थी-मोहीम

आजचा धागा एका सहलीविषयी आहे. एक प्राध्यापक, त्याचे तीन तरुण सोबती आणि त्याचा शाळकरी मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाळवंटातल्या घळींमध्ये शिरतात. परत येतात तेव्हा त्यांच्या नावावर एक 'शोध' जमा झालेला असतो. तो शोध नेमका कोणाचा, यावरून पुढे कित्येक वर्षे भांडण चालले.

स्थळ आहे अमेरिकेतील युटा आणि अ‍ॅरिझोना या प्रांतांची सीमा. कोलोरॅडो आणि सान वॉन या नद्यांनी आणि त्यांच्या ओढ्यांनी येथील तांबूस वालुकाश्म इतका चिरत नेला आहे, की नकाशावर चार बोटांचे अंतर कापायला प्रत्यक्षात चार दिवस लागावेत. समोरचा कडा हाकेच्या टप्प्यावर दिसतो आणि मध्ये शेकडो फूट खोल घळ असते. पाणी कोठे मिळेल, हे ज्याला ठाऊक त्यालाच येथे वाट ठाऊक. ऑगस्ट महिना तर विशेष फसवा, कारण डोक्यावर आकाश निरभ्र असताना दूर डोंगरात वळीव कोसळतो आणि कोरड्या ठाक ओढ्यातून लोंढा धडाडत येतो. ओढ्याच्या वाळूत तंबू ठोकू नये, हा तिथला पहिला धडा.

प्राध्यापकांचे नाव बायरन कमिंग्ज. युटा विद्यापीठात ते ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. अभिजात भाषांच्या या अध्यापकाला आपल्याच प्रांतातील कड्यांच्या कपारींत बांधलेल्या जुन्या वसाहतींनी झपाटले होते. आजच्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ही घरे सोडली. सुक्या हवेमुळे त्यांतील तुळया, मडकी, मक्याची बुरकुंडेसुद्धा टिकून राहिली होती. कमिंग्ज सुट्टी लागली की विद्यार्थी घेऊन निघत. १९०९ च्या तुकडीत त्यांचा भाचा नील जड होता, छायाचित्रे घेणारा स्टुअर्ट यंग होता, चित्रकार डोनाल्ड बोरेगार्ड होता आणि मुलगा माल्कम. तंबू कमी, आकाशच जास्त. जमिनीवर पथारी पसरायची, सकाळी रात्रभर चरत दूर गेलेले घोडे शोधून आणायचे आणि मग पुन्हा खोगीर कसायचे, असा दिनक्रम.

त्यांचा तळ होता ओल्हातो येथील व्यापारी ठाण्यावर. ते ठाणे जॉन आणि लुइझा वेदरिल हे दांपत्य चालवीत असे. लुइझाबाईंना नव्हाहो भाषा उत्तम येई, आणि माझ्या मते या साऱ्या हकिकतीत सर्वांत कमी दाद मिळालेली व्यक्ती त्याच आहेत. लोकर विकायला आलेल्या माणसांशी त्या तासन्‌तास बोलत. त्याच गप्पांत नव्हाहो पर्वताच्या पलीकडे कोठेतरी दगडाचे इंद्रधनुष्य आहे, असा उल्लेख त्यांच्या कानी आला. नॅशा नावाचे एक पायूट वृद्ध आणि त्यांचा मुलगा नॅशा बेगे यांनी ती कमान पाहिलेली होती.

नव्हाहो पर्वताभोवतीचा हा मुलूख गोऱ्यांच्या नकाशावर कोरा का राहिला, याचे कारण केवळ भूगोलात नाही. १८६३-६४ साली किट कार्सनच्या सैन्याने नव्हाहोंची शेते जाळली, मेंढरे मारली आणि हजारो माणसांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील छावणीत डांबले. १८६८ च्या तहानंतरच ती माणसे घरी परतली. जे थोडे लोक सैन्याच्या हाती लागले नाहीत, त्यांतील काहींनी याच पर्वताच्या आडोशाने ती वर्षे काढली. ज्या घळींनी आपल्याला दडवले, त्यांच्या वाटा परक्याला चटकन कोण सांगेल? शिवाय ती कमान त्यांच्या दृष्टीने पवित्र होती आणि आहे. प्रार्थनेविना तिच्याखालून जायचे नाही, असा संकेत.

आता दुसरे पात्र. विल्यम डग्लस हे सरकारी जमीन खात्याचे भूमापक. त्यांच्याही कानावर ही कमान आली होती, ती जिम माइक या पायूट तरुणाकडून. डग्लस आणि कमिंग्ज यांचे मुळीच जमत नव्हते. १९०६ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सरकारी जमिनीवर उत्खनन करायला परवाना लागे. कमिंग्ज यांचे काम एडगर ह्यूएट यांना मिळालेल्या परवान्याखाली चाले. ही मंडळी वस्तू उकरून नेत आहेत, त्यांना थांबवा, असा डग्लस यांचा वरिष्ठांकडे तगादा होता. यात डग्लस यांना केवळ खलनायक ठरवणे सोपे, पण मला ते पटत नाही. परवाना दुसऱ्याच्या नावावर आणि खोदणारी विद्यार्थ्यांची तुकडी, हे पाहून एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने विचारणा केली तर त्यात गैर काय? त्यांचा स्वभाव मात्र तुसडा होता, असे सहप्रवाशांच्या लेखनावरून दिसते.

ऑगस्टच्या पूर्वार्धात कमिंग्ज यांच्या तुकडीने सेगी घळीतील बेटाटाकिन ही भव्य वसाहत पाहिली. एका प्रचंड कमानदार कपारीत शंभराहून अधिक खोल्या! एखाद्या अभ्यासकाने तेथे आयुष्य घालवले असते, पण कमानीची ओढ अशी की ही मंडळी तेथे फार रेंगाळली नाहीत. दरम्यान डग्लसही तिकडेच निघाल्याची वार्ता आली. कमिंग्ज यांनी त्यांच्यासाठी थांबण्याचे ठरवले, आणि एकमेकांचे तोंड पाहू न इच्छिणारी दोन पथके वेदरिल यांच्या मागोमाग एकाच वाटेला लागली.

तो प्रवास म्हणजे सपाट, गुळगुळीत खडकांचे उतार. नालांना पकड मिळेना. घोडे घसरत, गुडघे फुटत, स्वार खाली उतरून लगाम धरून चालत. जिम माइक यांना दिशा ठाऊक होती, पण दोन्ही पथकांची भिस्त होती ती नॅशा बेगे यांच्यावर. आणि वाटेत त्यांच्या मुक्कामी पोहोचल्यावर कळले, की ते मेंढ्यांमागे गेले आहेत. निरोप ठेवून मंडळी तशीच पुढे निघाली. शिधा कमी होत चालला, जनावरे थकली, परतावे की काय अशी चर्चा सुरू झाली. अशा एका रात्री शेकोटीच्या उजेडात नॅशा बेगे येऊन दाखल झाले. मेंढ्यांची व्यवस्था लावून, माग काढत, एकटेच.

१४ ऑगस्ट १९०९. दुसऱ्याच दिवशीची सकाळ ओलांडते न ओलांडते तोच घळीच्या एका वळणावर कमिंग्ज यांना ती कमान प्रथम दिसली. डग्लस घोडा दामटून सर्वांच्या पुढे जाऊ लागले. तेव्हा वेदरिल यांनी आपल्या घोड्याला टाच मारली आणि त्यांना मागे टाकून कमानीखाली आधी पोहोचले. प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थांची ही शर्यत जड यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ती वाचताना हसू येते. आणि ज्या दोघांनी वाट दाखवली, त्या पायूट मार्गदर्शकांना या शर्यतीत भागच नव्हता.

कमान पायथ्यापासून सुमारे २९० फूट उंच, म्हणजे कुतुबमिनार तिच्याखाली सहज मावेल. दोन पायांतील अंतर सुमारे २७५ फूट. वळसे घेत वाहणाऱ्या ओढ्याने मधली पातळ भिंत पोखरून ती घडवली आहे. डग्लस यांनी मोजमाप केले, यंग यांनी छायाचित्रे काढली. ३० मे १९१० रोजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी भोवतालची १६० एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कमिंग्ज यांचा लेख 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये आला आणि प्रथम कोणी पाहिले, हा वाद रंगला.

आपल्याकडे अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपले नाव कोरले. त्याला वाट एका गुराखी पोराने दाखवली असे सांगतात. त्या पोराचे नाव खांबावर नाही. पायूट मार्गदर्शकांच्या वाट्याला मात्र, उशिरा का होईना, नाव आले. १९२७ साली कमानीजवळ नॅशा बेगे यांच्या स्मरणार्थ ब्राँझचा फलक बसवला गेला. तो पाहायला ते हयात नव्हते. जिम माइक दीर्घायुषी ठरले. १९७४ साली, अतिवृद्ध अवस्थेत, राष्ट्रीय उद्यान खात्याने त्यांचा सन्मान केला. घटनेला तेव्हा ६५ वर्षे उलटली होती.

विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले? नील जड वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पुरातत्त्वज्ञ झाले आणि चाको घळीतील प्वेब्लो बोनिटोचे उत्खनन त्यांनी केले. बोरेगार्ड १९१४ साली ऐन तारुण्यात वारले. कमिंग्ज १९१५ साली विद्यापीठातील मतस्वातंत्र्याच्या वादात युटा सोडून अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी पुरातत्त्व विभाग उभा केला. सहली काही सुटल्या नाहीत.

घोड्यांचे युगही लवकरच सरले. १९३३ ते १९३८ या काळात उद्यान खात्यातील अ‍ॅन्सेल हॉल यांनी याच मुलुखात विद्यार्थ्यांच्या उन्हाळी मोहिमा नेल्या. महामंदीचे दिवस, तरी खर्चाचा वाटा भरून महाविद्यालयीन तरुण येत. फोर्ड मोटारी वाळूत रुतायच्या, मंडळी खाली उतरून ढकलायची. त्यांनी नकाशे केले, प्राणी-वनस्पतींची नोंद केली, वसाहती तपासल्या. येथे मोठे राष्ट्रीय उद्यान व्हावे, हा हॉल यांचा हेतू होता. तसे झाले नाही. मॉन्युमेंट व्हॅली १९५८ साली उद्यान झाली खरी, पण नव्हाहोंच्या स्वतःच्या कारभाराखाली.

उरले पाणी. १९५६ साली ग्लेन घळीवर धरण बांधायला मंजुरी देणाऱ्या कायद्यातच या कमानीचे रक्षण करण्याची तरतूद होती. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, पॉवेल जलाशय भरू लागला आणि पुढे पाणी कमानीखाली पोहोचले. संरक्षणाच्या बंधाऱ्यांसाठी संसदेने पैसेच दिले नाहीत. पर्यावरणवादी न्यायालयात गेले, हरले. नव्हाहो आपल्या धर्माचरणाच्या हक्कासाठी गेले, तेही १९८० मध्ये हरले. जेथे पोहोचायला कमिंग्ज यांना दिवसेंदिवस खडक तुडवावे लागले, तेथे पर्यटक दुपारच्या नौकेने येऊ लागले.

१९९५ पासून उद्यान खाते पर्यटकांना विनंती करते, की कमानीखालून जाऊ नका, दुरूनच पाहा. १९१३ साली थिओडोर रूझवेल्ट येथे आले होते, तेव्हा आपला नव्हाहो सोबती कमानीखालून न जाता वळसा घालून गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्यांसाठी पर्वताच्या दोन्ही अंगांनी पायवाटा अजून आहेत. त्यांवर पाऊल ठेवायचे तर परवाना लागतो, आणि तो नव्हाहो राष्ट्राकडून घ्यावा लागतो.