हलका झटका येऊन गेल्यावर बीपी कसा सांभाळायचा? गोळी, मोजणी, मीठ आणि दवाखान्याची पूर्ण माहिती

हात अचानक जड पडतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, जीभ अडखळते आणि तासाभरात सगळं परत जागेवर येतं. आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं' किंवा 'लकव्याचा हलका झटका आला होता'. दोन-चार दिवसांत माणूस परत शेतावर जातो, कल्याण-ठाण्याला कामाला असलेला परत लोकल पकडतो. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या महिना-दोन महिने चालतात आणि 'आता बीपी नॉर्मल आहे' म्हणून बंद होतात. मोठा झटका टाळायचा असेल तर नेमकं हेच करायचं नाही.

हलका झटका म्हणजे काय?

मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. कधी ती गुठळी लगेच विरघळते आणि लक्षणं काही मिनिटांत किंवा तासाभरात जातात. डॉक्टर याला 'टीआयए' म्हणतात. कधी मेंदूचा छोटा भाग निकामी होतो, पण त्रास थोडाच राहतो. तो मायनर स्ट्रोक. दोन्ही प्रकारांत पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका असतो. पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे आणि पुढचे तीन महिने जपायचे. म्हणून लक्षणं गेली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हा फक्त शहरातल्या लोकांचा आजार आहे असं समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्ट्रोक हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. साधारण सातातला एक मृत्यू स्ट्रोकने झालेला होता आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले होते.

बीपी किती असावा?

झटका आल्यावर पहिले एक-दोन दिवस बीपी वाढलेला असला तरी डॉक्टर तो मुद्दाम एकदम खाली आणत नाहीत. मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून तसं करतात. नातेवाईकांनी घाबरून स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी देऊ नये.

घरी आल्यावर साधारण १३०/८० च्या खाली बीपी ठेवायचा असतो. वय जास्त असेल, किडनीचा त्रास असेल किंवा उठल्यावर चक्कर येत असेल तर डॉक्टर वेगळा आकडा सांगतील. तो आकडा केसपेपरवर लिहून घ्या.

गोळी का सोडायची नाही?

बीपी नॉर्मल दिसतो तो गोळीमुळे. गोळी थांबली की काही दिवसांत तो परत चढतो आणि बहुतेकांना ते कळतही नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी वाढलेला नाही, असं नसतं.

'प्रोग्रेस' नावाचा एक मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आधी झटका किंवा टीआयए येऊन गेलेले ६,१०५ लोक त्यात होते. बीपीचं औषध घेणाऱ्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. ज्यांचा बीपी मुळात फार जास्त नव्हता, त्यांनाही फायदा झाला.

- गोळीची वेळ एक ठरवा. सकाळच्या चहाची किंवा रात्रीच्या जेवणाची, पण रोज तीच.
- लावणीच्या किंवा कापणीच्या गडबडीत गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.
- लग्नाला, वारीला किंवा मुलाकडे डोंबिवलीला जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर ठेवा. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणा.
- रक्त पातळ करणारी गोळी वेगळी आणि बीपीची वेगळी. कोलेस्टेरॉलची आणि शुगरची गोळीही असू शकते. एक चालू आहे म्हणून दुसरी बंद करू नका.
- अॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. असं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतात.
- जुलाब-उलट्या लागल्या किंवा उन्हात फार घाम गेला आणि चक्कर यायला लागली, तर बीपी मोजून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

घरी बीपी मोजताना

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरच्या मशीनचा आकडा चुकू शकतो.

१. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. लघवी करून या.
२. पाच मिनिटं शांत बसा. पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, हात छातीच्या उंचीला टेबलावर.
३. पट्टा उघड्या दंडावर बांधा. मोजताना बोलू नका.
४. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा.

एखाद्या दिवशी आकडा थोडा वर गेला म्हणून घाबरू नका. आठवडाभराचे आकडे डॉक्टरांना दाखवा. पण १८०/११० च्या वर आला, तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तेवढाच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. सोबत झटक्याची लक्षणं असतील तर थेट १०८.

मीठ, मशेरी आणि दुखण्याच्या गोळ्या

दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं. आपल्या घरात मीठ भाजीतून तर जातंच, शिवाय लोणचं, पापड, ठेचा, सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांतूनही जातं. सुकं मासळं धुऊन, पाण्यात भिजवून मीठ थोडं निघतं, सगळं निघत नाही. सैंधव मीठही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

बिडी, तंबाखू, गुटखा आणि बायका वापरतात ती मशेरी, सगळं बंद करायला हवं. दारूही सोडलेली बरी. पायी चालणं रोज अर्धा तास, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

अंगमेहनत करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. कंबर, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतो आणि किडनीवर ताण येतो. झटका येऊन गेलेल्या माणसाने त्या स्वतःहून घेऊ नयेत.

औषध आणि तपासणी कुठे?

गावातलं आयुष्मान आरोग्य मंदिर (उपकेंद्र) आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून मिळतो. आशाताईंना सांगून ठेवलं तर त्याही पाठपुरावा करतात. पुढे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि ठाण्याचं जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांची आहेत.

गोळ्या विकत घ्यायच्या असतील तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला हवा असेल तर सरकारची 'ई-संजीवनी' सेवा मोफत आहे.

एकदा ईसीजी काढला का, हेही विचारा. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर त्यातूनही गुठळी मेंदूत जाते आणि त्याचं औषध वेगळं असतं.

परत लक्षणं दिसली तर

चेहरा वाकडा, हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी न झालेली डोकेदुखी. यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन करा.

- लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो.
- शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यांवरून निघायलाच वेळ जातो. म्हणून सीटी स्कॅन चोवीस तास कुठे होतो आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे आजच विचारून ठेवा.
- तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळता न आल्याने ठसका लागून श्वास अडकू शकतो. अॅस्पिरिनही घरी देऊ नका. झटका रक्तस्रावाचा असेल तर नुकसान होतं.
- कबुतराचं रक्त चोळणं, झाडपाला, अंगारा यात वेळ घालवू नका.
- केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं आणि बीपीची वही सोबत घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणती गोळी, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे.)