पाया बोलू लागला तेव्हा

जॅझ संगीताविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते त्यात ‘उत्स्फूर्त’ हा शब्द हमखास येतो. अमेरिकेतील अनेक गोऱ्या समीक्षकांनी तो वर्षानुवर्षे वापरला आणि आपण तो तपासून न पाहता उचलला. काळ्या माणसाच्या रक्तातच ताल असतो, तो विचार न करता वाजवतो, असा समज या शब्दाआड दडलेला आहे. हे कौतुक दिसते तेवढे निरुपद्रवी नाही. ते माणसाला कला बहाल करते आणि त्याच्याकडची बुद्धी काढून घेते. असल्या कौतुकाची ओळख आपल्या वाचकांना मी वेगळी करून द्यायला नको. त्याचा खोटेपणा पाहायचा असेल तर जॅझमधल्या सर्वांत खालच्या स्वराच्या वाद्याचा, म्हणजे डबल बासचा इतिहास पाहावा, असे मला वाटते.

हे वाद्य माणसाहून उंच असते. तारा चार, जाड, एक मीटरहून अधिक लांब. मेळात त्याचे काम ठरलेले : मात्रेमात्रेला एकेक स्वर देत लय धरायची आणि कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा, पाया सांभाळायचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांनी बोलावे, टाळ्या घ्याव्यात. बासने त्यांना तोलून धरावे. त्याच्या वाट्याला क्वचित सोलो आला तरी तो बहुधा चालू ठेक्याचाच विस्तार असे.

ही चौकट मोडली ती जिमी ब्लँटनने. १९१८ साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे जन्मलेला हा तरुण १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या मेळात आला. एलिंग्टन यांनी पियानो आणि बास या दोनच वाद्यांच्या ध्वनिमुद्रिका त्याच्यासोबत केल्या. त्यांत बास सुरावट मांडतो, प्रश्न करतो, उत्तर देतो. १९४२ मध्ये ब्लँटन क्षयाने गेला. वय अवघे तेवीस. परंतु पाया बोलू शकतो, हे त्याने सिद्ध करून ठेवले होते.

त्याच दशकात बीबॉप आले आणि बोलणे आणखी अवघड झाले. ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या रागसंगीतात षड्ज अढळ असतो. तानपुरा तो सतत सांगत राहतो आणि गायक कितीही दूर गेला तरी घर तिथेच असते. जॅझमध्ये कॉर्ड बदलली की स्वरांची नातीच बदलतात; आता शोभलेला स्वर पुढच्या क्षणी खटकतो. जॉन कोल्ट्रेन यांची ‘मोमेंट्स नोटिस’ ही रचना १५ सप्टेंबर १९५७ रोजी ‘ब्लू ट्रेन’ या ध्वनिमुद्रिकेसाठी मुद्रित झाली. तिच्या बऱ्याच भागात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते, म्हणजे एका कॉर्डला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात सॅक्सोफोनवर बोटे फिरतात. बासवर मात्र खालच्या भागात डाव्या हाताच्या पंजात जेमतेम एक पूर्ण स्वराचे अंतर मावते. पुढचा स्वर हवा तर तार बदला, नाहीतर सबंध हात सरकवा.

शिवाय आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. इतरांच्या सोलोखाली बास असतो. बासच्या सोलोखाली बास नसतो. पियानोही बहुधा मागे सरतो. ज्याने सर्वांना आधार दिला त्याला बोलताना आधार नाही. सगळी रचना त्याने डोक्यात ठेवायची आणि ती ऐकणाऱ्याच्या कानातही उभी करायची.

हे साधते ते विचाराने. प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा स्वर तिचा स्वभाव सांगतो. जॅझच्या नेहमीच्या साखळीत एका कॉर्डचा सातवा स्वर अर्ध्या स्वराने उतरला की तो पुढच्या कॉर्डचा तिसरा होतो. वादक हे दुवे हेरून ठेवतो, अनावश्यक स्वर गाळतो, आणि हात सरकवण्याची जागा आधीच ठरवतो. ‘मोमेंट्स नोटिस’मध्ये पॉल चेंबर्सने आपला सोलो गजाने वाजवला आहे. जाड तारांवर गज ओढत, पळत्या कॉर्डमधून वाट काढत तो वाक्यामागून वाक्य पुरे करतो. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. डेट्रॉइटमध्ये तेथील सिंफनी वाद्यवृंदातील एका बासवादकाकडे तो शिकला होता. १९६९ मध्ये तोही क्षयानेच गेला, तेहतिसाव्या वर्षी.

मग एवढे शिकलेले हे लोक याच वाद्याकडे का आले? चार्ल्स मिंगस प्रथम चेलो वाजवत. गोऱ्यांच्या वाद्यवृंदात काळ्या चेलोवादकाला जागा मिळणार नाही, हे ओळखून ते बासकडे वळले. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली. रॉन कार्टर हेही मूळचे चेलोवादक. १९५९ मध्ये ते ईस्टमन संगीतविद्यालयाचे पदवीधर झाले. तरीही वर्णामुळे वाद्यवृंदाचे दार आपल्याला बंद राहिले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९६३ मध्ये ते माइल्स डेव्हिस यांच्याकडे गेले. लॉस एंजेलिसमध्ये तर वादकांच्या संघटनाही काळ्यांची वेगळी, गोऱ्यांची वेगळी अशा होत्या. त्या १९५३ मध्ये एक झाल्या, आणि त्या एकीकरणासाठी झटणाऱ्यांत मिंगस होते.

ज्यांना एका दारातून परत पाठवले त्यांनी मिळालेल्या तळाच्या जागेवर नवे शास्त्र उभारले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की दार बंद झाले म्हणून बरे झाले. अन्यायाला कलेची जननी ठरवणे ही अन्याय करणाऱ्याची सोय असते. किती चेलोवादक आपण गमावले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माझे म्हणणे मर्यादित आहे. अर्ध्या सेकंदात योग्य स्वर सापडतो तो त्यामागे कित्येक वर्षांचा अभ्यास असतो म्हणून. त्या अभ्यासाला ‘रक्तातला ताल’ म्हणणे म्हणजे ती वर्षे त्या माणसाच्या नावावरून खोडून टाकणे होय. यापुढे बासचा सोलो ऐकताना टाळी द्यावीच; पण ती उपजत देणगीला नव्हे, बुद्धीला द्यावी.