गाठीचा ताप आणि ओस पडणारी गावे

घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, हा प्लेगच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांनी अंगीकारलेला रिवाज होता. चूलबोळके, अंथरूण-पांघरूण आणि गुरे घेऊन माणसे शिवारात किंवा माळावर जात, तुराट्या-कडब्याच्या खोपी उभारत आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहत. काखेत किंवा जांघेत गाठ येऊन ताप चढला की माणूस आठवडाभरात जातो, हे सर्वांनी पाहिले होते. उंदरापासून माणसापर्यंत रोग कसा येतो, हे मात्र तेव्हा वैद्यालाही ठाऊक नव्हते आणि सरकारलाही.

ही साथ चीनमधून हाँगकाँगमार्गे आली. हाँगकाँगमध्ये १८९४ साली अलेक्झांडर येर्सिन यांनी रोगाचा जिवाणू शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. गोदीजवळची धान्याची वखार, चाळी आणि गटारे असलेला हा भाग उंदरांना फारच सोयीचा होता. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि त्याच्या बळावर पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. त्या झडत्यांच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याआधी १० मार्चला रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. पुढच्या काही दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली.

माणसांना छावण्यांत कोंडण्यावर सरकारचा भर होता. पण गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदरावरची पिसू हा दुवा दाखवला, तेव्हा बहुतेकांनी त्यांची खिल्ली उडवली. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. ज्यांच्या पिंजऱ्यांपर्यंत पिसवा पोचू शकत नव्हत्या ते जगले, उघड्यावरचे मेले. गाव सोडणाऱ्या खेडुतांनी कारण न कळताही नेमका हाच दुवा तोडला होता. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा नवे ऊबदार रक्त शोधू लागतात. त्या वेळी घरात माणूस नसेल तर त्या उपाशी मरतात.

घर सोडणे इतके मोलाचे का ठरले, हे जिवाणूच्या पुढच्या वागण्यावरून कळते. पिसूच्या पोटात जिवाणूंचा चिकट थर साचून तिचा अन्नमार्ग तुंबतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात गिळलेले रक्त जिवाणूंसह जखमेत परत ओकते. त्वचेत शिरलेल्या जिवाणूंपैकी बरेचसे पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात. काही मात्र भक्षक पेशींच्या पोटातच तग धरतात आणि लसीका वाहिन्यांतून जवळच्या गाठीपर्यंत पोचतात. पिसूच्या शरीरातून माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत आल्यावर त्यांचे रूप पालटते. त्यांच्याभोवती प्रथिनाचे कवच तयार होते, त्यामुळे भक्षक पेशींना त्यांना गिळणे अवघड जाते. एरवी जिवाणूच्या बाह्य आवरणातल्या मेदयुक्त रेणूंवरून शरीर शत्रू ओळखते. प्लेगचा जिवाणू या तापमानाला त्या रेणूंची रचनाच बदलतो, म्हणून धोक्याची सूचना उशिरा मिळते. त्याहून घातक हत्यार म्हणजे सुईसारखी एक यंत्रणा. तिच्यातून जिवाणू पांढऱ्या पेशीत विषारी प्रथिने सोडतो आणि ती पेशी लुळी पडते. रक्ताची गुठळी विरघळवणारे एक विकरही त्याच्याकडे असते, त्यामुळे शरीराने घातलेला बांध फुटतो. शरीर सावध होईपर्यंत गाठ जिवाणूंनी भरलेली असते. तिथून ते रक्तात उतरतात, फुप्फुसात पोचले तर खोकल्यातून पसरतात. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळेच.

जिवाणूशी शरीराची आधीच ओळख करून देणे हा दुसरा मार्ग होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तूप तरंगणाऱ्या रश्शात जिवाणू वाढवले, ते उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. लसीने मृत्यू घटले, पण लागण पूर्णपणे टळत नसे, आणि टोचणीची भीती तर गावोगाव होती.

उंदरांना सोयीची घरे मराठवाड्यातही होती; हा भाग त्या वेळी निझामाच्या राज्यात होता. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याच्या परिसरापासून बालाघाटापर्यंत जुनी घरे मातीची, माळवदाची; धान्य पेवात, कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात साठवलेले. उंदराला याहून चांगले घर कुठे मिळणार? मनमाडहून सेलू, परभणीमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि धान्य-कापसाची वाहतूक वाढली. धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि पिसवा दूरवर जाऊ शकत.

कीटकनाशके आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आल्यावर प्लेग हटला. १९६६ नंतर अनेक वर्षे भारतात त्याची नोंद झाली नाही आणि गाव सोडण्याचा रिवाजही विसरला गेला. मग ऑगस्ट १९९४ मध्ये परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला या गावी, उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि माणसांना गाठी आल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहिले, धान्य आत पडून राहिले आणि उंदीर माजले, असे एक अनुमान तेव्हा मांडले गेले. ते खरे असेल तर रिवाजाचे निम्मेच अंग पाळले गेले: घर सुटले, पण उंदरांचे अन्न घरातच राहिले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या बातमीने लाखो लोकांनी शहर सोडले. खोकल्यातून पसरणाऱ्या या प्रकारात जुना उपाय उलटा ठरतो, कारण पळणारा माणूसच रोग पुढे नेऊ शकतो.

टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन वेळेवर मिळाल्यास प्लेग आज बरा होतो; वेळेवर म्हणजे ताप व गाठ दिसताच, निदानाची वाट न पाहता. गावात एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. उंदीर मारण्याची घाई मात्र करू नये: आधी पिसवांवर फवारणी, मग उंदरांचा बंदोबस्त.