छोटं कॉलेज की सरकारी विद्यापीठ? अमेरिकेतला दोनशे वर्षांचा वाद

 

आजचा विषय लढायांचा नाही. पण गेल्या काही वर्षांत मला पानिपतापेक्षा हाच प्रश्न जास्त वेळा विचारला गेलाय. पलटणीतले जुने सहकारी फोन करतात. मुलीला किंवा नातवाला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालेला असतो. एक दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं लिबरल आर्ट्स कॉलेज, ज्याचं नाव सोसायटीत कुणी ऐकलेलं नसतं. दुसरं चाळीस हजार विद्यार्थ्यांचं सरकारी विद्यापीठ, ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. घर गहाण पडणार असतं, आणि उत्तर आठवडाभरात द्यायचं असतं. "सर, तुमचं मत काय?"

मी प्रवेशाचा सल्लागार नाही. पण या दोन संस्था मुळात कशासाठी जन्मल्या, हे माहीत असलं की निवड सोपी होते. म्हणून आज इतिहास.

सुरुवात न्यू हॅम्पशर राज्यातल्या हॅनोवर या गावापासून करू. तिथलं डार्टमथ कॉलेज 1769 च्या राजसनदेवर उभं होतं. 1816 मध्ये राज्य सरकारने कायदा करून ते ताब्यात घेतलं आणि त्याचं डार्टमथ विद्यापीठ केलं. जुन्या विश्वस्तांनी मानलं नाही. काही काळ एकाच गावात कॉलेजही चालू आणि विद्यापीठही चालू, असा प्रकार होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कॉलेजच्या बाजूने उभा राहिला त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, वकील डॅनियल वेब्स्टर. 1819 मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने निकाल दिला: सनद हा करार आहे, राज्याला तो एकतर्फी मोडता येणार नाही.

या निकालाने छोट्या कॉलेजांना कवच मिळालं. सरकार बदललं म्हणून अभ्यासक्रम बदलणार नाही, विश्वस्त बदलणार नाहीत. मात्र त्याची दुसरी बाजूही होती. सरकारचा हात नाही, म्हणजे सरकारचा पैसाही नाही. फी, देणग्या आणि माजी विद्यार्थ्यांचं प्रेम, यांवरच जगायचं.

तिथे शिकवायचं काय? 1828 मध्ये येल कॉलेजने एक अहवाल काढला. ग्रीक, लॅटिन कशाला हवं, धंद्याचं काही शिकवा, अशी ओरड तेव्हाही होती. येलचं उत्तर थोडक्यात असं: आधी बुद्धीला शिस्त लावा, मग तिच्यात माहिती भरा. फौजेतल्या माणसाला हे लगेच कळतं. रंगरूट आला की त्याच्या हाती आपण पहिल्याच दिवशी तोफ देत नाही. आधी कवायत. लिबरल आर्ट्स म्हणजे 'आर्ट्स साइड' नव्हे, हे लक्षात ठेवा. तिथे गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. कोणताही एक पेशा न शिकवता विचार करायला, लिहायला आणि वाद घालायला शिकवणं, हा त्याचा अर्थ.

पण शेतकऱ्याच्या आणि लोहाराच्या पोराने काय करायचं? हा प्रश्न एका लोहाराच्याच मुलाने संसदेत नेला. व्हरमाँटचे जस्टिन मॉरिल पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात कामाला लागले होते, कॉलेज त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांचं विधेयक 1859 मध्ये अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नाकारलं. पुढे यादवी युद्ध पेटलं, विरोध करणारे दक्षिणेचे प्रतिनिधी संसद सोडून गेले, आणि 2 जुलै 1862 ला लिंकन यांनी त्यावर सही केली. प्रत्येक राज्याला संसदेतल्या दर सदस्यामागे 30,000 एकर सरकारी जमीन. ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं. आजच्या अनेक अवाढव्य सरकारी विद्यापीठांचं मूळ इथे आहे. ती जमीन मूलनिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरू नये.

त्या कायद्यात आणखी एक अट होती, जी वाचून मला मौज वाटली: लष्करी डावपेचही शिकवायचे. युद्धाच्या ऐन धामधुमीत केलेला कायदा होता तो.

आता आपली माणसं बघा. श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म 1884, रायपूर. ते गेले कॉर्नेलला. कॉर्नेल खासगी, पण न्यूयॉर्क राज्याचा मॉरिल कायद्यातला वाटा त्याच्याकडे आलेला. कुणालाही यावं आणि कोणताही विषय शिकावा, ही तिथली भूमिका. केतकरांनी तिथे जातिसंस्थेच्या इतिहासावर काम केलं, 1911 मध्ये डॉक्टरेट घेतली, आणि परत येऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. मोठं ग्रंथालय आणि शेजारी शेजारी नांदणारे अनेक विषय पाहिलेल्या माणसाला ज्ञानकोश सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

दुसरे पांडुरंग खानखोजे, जन्म 1884 चाच, वर्धा. डोक्यात क्रांती. कॅलिफोर्नियात ते लष्करी शाळेत शिकले आणि पुढे ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांच्या कृषी कॉलेजांत दाखल झाले. गदर चळवळीनंतर ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याचे तज्ज्ञ म्हणून नावाजले. दिएगो रिवेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. मॉरिल यांच्या कायद्यातली शेती आणि युद्धविद्या, दोन्ही गोष्टी या एका माणसात एकत्र आलेल्या दिसतात.

तिसरे जयप्रकाश नारायण. 1922 मध्ये गेले, फळं तोडून पैसे मिळवले. बर्कलेची फी परवडेना म्हणून आयोवा, मग विस्कॉन्सिन, शेवटी ओहायो. सगळी सरकारी विद्यापीठं. परक्या विद्यार्थ्याला सरकारी म्हणजे स्वस्त असं नसतं, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं.

पुढचा मोठा टप्पा 1944 चा. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची फी सरकार भरेल, असा कायदा झाला. वीस लाखांहून जास्त माजी सैनिक उच्च शिक्षणात गेले. सरकारी विद्यापीठं फुगली, वर्ग शेकड्यांचे झाले, पहिल्या वर्षाला शिकवायला संशोधक विद्यार्थी उभे राहू लागले. पण ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यांची पोरं अभियंते झाली. गर्दीचे तोटे सांगताना हा हिशेबही मांडायला हवा.

आपल्याकडे ही निवड अशी समोर येत नव्हती. 1857 ची आपली विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारी, आणि शिकवणारी कॉलेजं वेगळी. 1885 चं फर्ग्युसनही मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली होतं. माझंच बघा. माझी पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, पण वर्गात बसलो तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीत. पदवीच्या कागदावर मोठं नाव आहे. मला घडवलं ते स्क्वाड्रनमधल्या मूठभर पोरांनी आणि मला नावाने ओळखणाऱ्या शिक्षकांनी.

म्हणून विचारणाऱ्यांना मी चार प्रश्न परत विचारतो. मुलाला काय व्हायचंय हे पक्कं ठरलंय का? अभियंता किंवा कृषिशास्त्रज्ञच व्हायचं असेल, तर प्रयोगशाळा मोठ्या विद्यापीठात. ठरलं नसेल, तर छोट्या कॉलेजात चाचपडायला वाव असतो. दुसरा, पहिल्या वर्षी शिकवणार कोण, आणि वर्गात किती जण? तिसरा, मूल गर्दीत हात वर करणारं आहे, की कुणी हाक मारल्यावर बोलणारं? चौथा पैशाचा. जाहीर फी बघू नका, मदत वजा जाता हाती येणारा आकडा बघा. अमर्स्टसारखी काही श्रीमंत छोटी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही भरघोस मदत करतात. सरकारी विद्यापीठाची पहिली बांधिलकी आपल्या राज्यातल्या करदात्यांशी असते.

सोसायटीत नाव ठाऊक आहे की नाही, हा पाचवा प्रश्न मी मुद्दामच ठेवलेला नाही. सोसायटी कर्जाचे हप्ते भरत नाही.

डार्टमथने स्वातंत्र्य जपलं, मॉरिल यांनी दार उघडलं. दोन्ही कामं गरजेची होती. तुमच्या मुलाला आज यातलं कशाची जास्त गरज आहे, ते घरातल्यांनी एकत्र बसून ठरवा, आणि त्या बैठकीत मुलाला आधी बोलू द्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.