वळणावरील सुरक्षित वेग

वळणावरील सुरक्षित वेग : रस्त्याच्या वळणावरून अथवा महामार्गाच्या वक्र जोडरस्त्यावरून वाहन न घसरता, न उलटता व आतील माणसांना त्रासदायक हिसका न बसता ज्या कमाल वेगाने जाऊ शकते, तो वेग. वळताना वाहनावर बाहेरच्या दिशेने केंद्रोत्सारी प्रेरणा जाणवते. तिला चाकांचे घर्षण आणि रस्त्याच्या बाहेरील कडेस दिलेली जादा उंची ही दोन्ही मिळून तोंड देतात. वेग दुप्पट झाल्यास ही प्रेरणा चौपट होते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज येथे १९२९ मध्ये चौपानी आकाराचा मार्गसंगम खुला झाला. अशा संगमांमुळे वेगाने आलेल्या वाहनास एकाएकी लहान त्रिज्येच्या वळणावर शिरावे लागू लागले. बराच वेळ वेगात राहिलेल्या चालकास आपला वेग आहे त्याहून कमी भासतो. त्यामुळे केवळ अंदाजावर विसंबणे धोक्याचे ठरते.

१९३० नंतरच्या दशकातील मोटारगाड्यांवरील चाचण्यांतून वेग ठरविण्याची एक सोपी पद्धत रूढ झाली. द्रवाने भरलेल्या वक्र काचनळीत एक गोळी असते. नळी गाडीत बसवून वळणावरून निरनिराळ्या वेगांनी फेऱ्या मारतात व गोळी किती अंश सरकते ते पाहतात. मंद वेगास १४, मध्यम वेगास १२ आणि ताशी ३५ मैल व त्यापुढील वेगास १० अंश ही मर्यादा मानली जाई. पुढे गाड्या सुधारल्या, परंतु पाट्यांवरील वेग जुन्याच निकषांचे राहिल्याने चालक ते जुमानीनासे झाले. २००९ च्या अमेरिकी नियमपुस्तिकेत या मर्यादा अनुक्रमे १६, १४ व १२ अंश करण्यात आल्या.

भारतात मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या (१९२७) शिफारशींनंतर १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. तिच्या मानकांत घर्षणगुणांक ०·१५ व मैदानी प्रदेशात बाहेरील कडेची कमाल उंची ७ टक्के धरली आहे. या हिशेबाने १०० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी सु. ५३ किमी. वेग निघतो.

मात्र हा हिशेब घसरण्यापुरता आहे. उंच माल लादलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य वर असल्याने तो घसरण्याआधीच उलटू शकतो. त्यामुळे मोटारगाडीस सोसणारा वेग ट्रकला सोसेलच असे नाही.